परसातील लाकडी माच : बांधणी आणि निगा

ठाण्याहून भिवंडीकडे जाणाऱ्या जुन्या आग्रा रस्त्यावर, कशेळीचा खाडीपूल लागण्यापूर्वी, बाळकुम हे गाव आहे. वस्ती मूळची आगरी व कोळी लोकांची. भातशेती, खाडीतील मासेमारी आणि घरामागचे परस हे तिचे पूर्वापार आधार. १९८२ साली ठाणे महानगरपालिका स्थापन झाली, आसपासची गावे शहरात आली, खाचरांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. गावठाणातील जुन्या घरांच्या मागे मात्र अजून हातभर परस शिल्लक असते, आणि त्या परसातील कामेही संपलेली नाहीत. वाल, मिरच्या, आंबोशी, पापड, कुरडया, सुके मासे, पुढच्या हंगामाचे भाताचे बी ही सर्व कोठे तरी वाळत घालावीच लागतात.

पूर्वी हे काम सारवलेल्या अंगणात होत असे. परंतु जेथे सभोवार भराव पडून जमिनीची पातळी उंचावते, तेथे जुने परस खोलगट राहते व पावसाचे पाणी त्यात येऊन थांबते. सिमेंटचा कोबा केला तर खाडीकाठच्या चिकण, मऊ जमिनीत तो दोन-चार पावसाळ्यांत खचतो व तडकतो. शिवाय पाणी जमिनीत मुरण्याची वाटही बंद होते. यावर सोपा उपाय म्हणजे जमिनीपासून अडीच फूट उंच, फळ्यांमध्ये फटी ठेवलेला लाकडी माच. शेतातील राखणीचा माळा किंवा बोंबील वाळविण्याची वलांडी ज्यांनी उभारली आहे, त्यांना ही कल्पना नवी नाही. जुन्या घरातील कडीपाटाचे हेच काम उघड्यावर करावयाचे असते, एवढेच. मात्र ‘उघड्यावर’ या एका शब्दात सर्व अडचण सामावलेली आहे.

लाकूड का कुजते

कुंपणाचा जुना खांब उपटू गेल्यास तो बहुधा जमिनीच्या रेषेवर मोडतो, हे प्रत्येक शेतकऱ्याने पाहिले आहे. वरचा भाग ठणठणीत असतो, खोल मातीतील भागही पुष्कळदा शाबूत निघतो. मधलीच वीतभर जागा भुसभुशीत झालेली असते. लाकूड कुजविणारी बुरशी ही सजीव वस्तू आहे. तिला अन्न, ओल आणि हवा ही तिन्ही एकाच ठिकाणी लागतात. अन्न म्हणजे खुद्द लाकूड. वरच्या भागात ओल टिकत नाही, खोल मातीत हवा पुरेशी नसते. जमिनीच्या रेषेवर मात्र दोन्हींची गाठ पडते. लाकडातील पाण्याचा अंश त्याच्या कोरड्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून कमी राहिला तर बुरशी वाढत नाही. तेव्हा माच टिकविणे म्हणजे लाकूड भिजू न देणे नव्हे, तर भिजलेले लाकूड लवकर सुकू देणे होय. ठाण्याच्या परिसरात वर्षाकाठी सुमारे २५०० मिलिमीटर, म्हणजे शंभर इंच पाऊस पडतो. दहा फूट लांब व आठ फूट रुंद माचावर एका वर्षात सुमारे साडेअठरा हजार लिटर पाणी ओतले जाते. ते अडविणे कोणालाही शक्य नाही. ते निघून जाईल अशी वाट ठेवणे मात्र सहज शक्य आहे.

आपल्या पूर्वजांनी ही गोष्ट ओळखली होती. जुन्या घरांच्या पडवीतील खांब जमिनीत पुरलेले आढळत नाहीत. ते दगडी तळखड्यावर उभे असतात. तळखडा हा शोभेसाठी नव्हता. जमिनीची ओल खांबास लागू नये आणि वाळवी वर चढू लागली तर तिची मातीची नळी डोळ्यांस दिसावी, हे त्याचे काम. नव्या माचाच्या बांधणीत हा तळखडा विसरला जातो. खड्डा खणून, खांबाच्या बुडास डांबर फासून तो पुरून टाकण्याची पद्धत सर्रास दिसते. ओल्या लाकडास डांबर लावल्याने आतील ओल आतच कोंडते आणि खांब बाहेरून काळाभोर, आतून पोकळ होतो.

लाकडाची निवड

सागाचे गाभ्याचे लाकूड या कामास सर्वांत उत्तम. मात्र ‘साग’ या नावावर भुलू नये. गाभ्याच्या बाहेरचे फिकट लाकूड सागाचे असले तरी लवकर किडते. म्हणून फळीची कड फिकट पिवळसर दिसल्यास ती कापून टाकावी, किंवा ती फळी कठड्यासारख्या कमी जोखमीच्या जागी वापरावी. ऐन व किंजळ ही लाकडे खांबांस आणि तुळयांस चांगली. ती जड असतात व त्यांत खिळा ठोकण्यापूर्वी गिरमिटाने भोक पाडावे लागते. आंबा व सावर यांच्या फळ्या स्वस्त मिळतात, पण उघड्यावर त्या दोन पावसाळेही नीट काढीत नाहीत. त्या घेऊ नयेत.

बाळकुमसारख्या ठिकाणी आणखी एक चांगला मार्ग उपलब्ध आहे. जुनी घरे पाडून नवी बांधली जात असताना त्यांतील तुळया, कड्या व पाट जुन्या लाकडाच्या वखारीत येतात. पन्नास-साठ वर्षे छपराखाली सुकलेले हे सागवान आता आणखी आकसत नाही, वाकत नाही. घेताना प्रत्येक नगास हातोडीने ठोकून पाहावे. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर आत पोकळी समजावी. भिंतीत गेलेली टोके चाकूच्या अणीने टोचून पाहावीत, कारण कीड तेथून लागते. जुने खिळे सर्व काढल्याखेरीज लाकूड रंध्यास किंवा यंत्राच्या करवतीस लावू नये. लाकडावर जुना तेलरंग असल्यास त्यात शिसे असण्याचा संभव असतो. तो कोरडा घासू नये, पाणी मारून खरवडावा, आणि तो भुसा लहान मुलांपासून व कोंबड्यांपासून दूर ठेवावा.

लाकूड स्वतःच्या जमिनीतील असले तरी झाड तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. ग्रामीण भागास १९६४ चा आणि नागरी भागास १९७५ चा वृक्षतोडीसंबंधीचा कायदा लागू आहे. तिवराची गोष्ट तर निराळीच. खाडीकाठचा तिवर पूर्वी जळणास व खुंटांस सर्रास तोडीत. परंतु २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीच्या तोडीस मनाई केली व २०१८ च्या निकालाने ती कायम झाली. खारफुटीच्या कडेने पन्नास मीटर पट्ट्यातही बांधकामास मज्जाव आहे. ज्यांचे परस खाडीकडे उतरते, त्यांनी माचाची आखणी करण्यापूर्वी महानगरपालिकेच्या प्रभाग कार्यालयात चौकशी करावी. खेड्यात ग्रामपंचायतीत विचारावे. ग्रामसेवकांनी हे शेतकऱ्यास आधी सांगितले, तर नंतरचा मनस्ताप वाचतो.

बांबूविषयी थोडे सांगणे इष्ट आहे. २०१७ साली भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरील बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे स्वतःच्या बेटातील बांबू तोडणे सुलभ झाले आहे. तथापि उघड्यावर, मातीस टेकलेला, औषध न दिलेला बांबू एक ते तीन वर्षांपलीकडे जात नाही. सांगाडा लाकडाचा करून वर फाकलेल्या बांबूचा पाट टाकावा आणि तो हंगामी समजावा, हेच शहाणपणाचे. बांबू तीन वर्षांहून जुना, पावसाळ्यानंतर थंडीत तोडलेला असावा. तो दोन ते चार आठवडे पाण्यात बुडवून ठेवल्यास त्यातील पिठूळ अंश कमी होतो व पीठ पाडणारा भुंगेरा कमी लागतो. बोरिक आम्ल व बोरॅक्सच्या द्रावणाचा उपयोग बांबूस होतो, पण हे क्षार पावसाने धुऊन जातात. छपराखालच्या बांबूस ते द्यावे, उघड्या माचास त्याचा भरवसा नाही.

मधला खांब

दहा फूट बाय आठ फूट या मापाचा माच घरगुती कामास पुरतो. त्यास नऊ खांब लागतात : घराच्या भिंतीशी समांतर तीन रांगा, रांगांत चार-चार फुटांचे अंतर, प्रत्येक रांगेत पाच-पाच फुटांवर तीन खांब.

या नऊ खांबांवर भार सारखा पडत नाही, ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. प्रत्येक खांब आपल्या भोवतालच्या फळ्यांचा भार घेतो. कोपऱ्यातील खांबाच्या वाट्यास एकूण भाराचा सोळावा हिस्सा येतो. कडेच्या मधल्या खांबांस आठवा हिस्सा येतो. आणि अगदी मध्यभागी असलेल्या एकट्या खांबावर चौथा हिस्सा येतो. तुळया अखंड असल्यास त्याहूनही काहीसा अधिक. म्हणजे कोपऱ्याच्या खांबाच्या किमान चौपट ओझे ज्यावर आहे, तो खांब नेमका अंधारात, कोणाच्याही दृष्टीस न पडणाऱ्या जागी असतो. त्याच्याच बुडाशी पालापाचोळा साचतो, तेथेच ऊन पोचत नाही, आणि तपासणी करणारा मनुष्य कडेचे आठ खांब ठोकून परत फिरतो.

रोजच्या वापरात ही उणीव उघडी पडत नाही. सूप घेऊन बसलेल्या दोन बायकांचा भार कुजका खांबही सोशीत राहतो. घरात हळद निघते, परसात वाजंत्री बसतात आणि पंचवीस माणसे एकदम माचावर चढतात, त्या दिवशी दीड हजार किलो वजन त्यावर येते. त्यातील जवळजवळ चारशे किलो एकट्या मधल्या खांबावर. माच मोडतो तो अशा दिवशी, आणि तो मोडतो तेव्हा त्यावर मुले असतात. पुढील बांधणीत मधल्या खांबाविषयी दोन ठिकाणी वेगळी सूचना केली आहे ती याकरिता. ती खर्चाची नाही, म्हणून गाळू नये.

पाया व तळखडा

काम पौष-माघात सुरू करावे. माच घराच्या भिंतीपासून निदान दोन इंच सुटा ठेवावा. भिंतीत खुंट्या मारून तुळई अडकविण्याचा मोह पुष्कळांस होतो, कारण तीन खांब वाचतात. परंतु तुळई व भिंत यांच्या सांध्यात पाणी धरते, भिंतीस ओल येते, आणि वाळवीस घरात शिरावयास पूल मिळतो. छपराची पागोळी माचावर पडत असेल तर माच तेवढा पुढे सरकवावा किंवा पन्हळ लावावा. रोज एकाच रेषेवर पडणारी पागोळी उत्तम सागवानही खाऊन टाकते.

दोरी बांधून चौकट आखावी. दोन्ही कर्ण सारखे भरले, म्हणजे १२ फूट ९ इंचांहून किंचित अधिक, की चौकट काटकोनात आली असे समजावे. आतील गवत, मुळ्या व जुने लाकूड काढून टाकावे आणि जमिनीस घरापासून दूर उतार द्यावा. खड्डे दीड फूट खोल व एक फूट चौरस खणावे. तळाशी मऊ चिखल लागल्यास टणक जमीन लागेपर्यंत खाली जाऊन दगडांची भर ठोकून बसवावी. मधल्या खांबाचा पाया मात्र तळाशी दीड फूट चौरस करावा. मऊ जमिनीत भार पसरण्यासाठी हा रुंद तळ अवश्य आहे.

काँक्रीट एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू व चार भाग खडी या प्रमाणात घ्यावे. सर्व पायांस मिळून सुमारे चार पोती सिमेंट लागते. खाडीची वाळू किंवा खाडीचे पाणी यांचा वापर करू नये. त्यातील मीठ लोखंड गंजवते आणि गंजलेले लोखंड फुगून काँक्रीट फोडते. पाया जमिनीच्या वर सहा इंच येऊ द्यावा. हाच नवा तळखडा. काँक्रीट ओले असतानाच त्यात जस्ताचा मुलामा दिलेली, यू आकाराची लोखंडी पट्टी रोवावी. ती कोणीही वेल्डर करून देतो. पट्टीची बैठक काँक्रीटपासून एक इंच वर राहिली पाहिजे, म्हणजे खांबाचे बूड हवेत राहील. बैठकीस एक भोक ठेवावे, नाही तर पट्टीतच पाणी साचावयाचे. पारदर्शक नळीत पाणी भरून सर्व तळखडे एका पातळीत आहेत की नाहीत हे पाहावे. काँक्रीटवर निदान सात दिवस पाणी मारावे. त्याआधी त्यावर भार टाकू नये.

खांब लाकडाचे नकोच, तुळईपर्यंत विटांचे किंवा काँक्रीटचे स्तंभच उभारावेत, असे कोणी म्हणेल तर ते योग्यच आहे. खर्च वाढतो, इतकेच. तुळई व स्तंभ यांच्यामध्ये डांबरी कागदाची दुहेरी घडी घातली म्हणजे झाले.

सांगाडा व पाट

खांब चार इंच चौरस व सुमारे तेरा इंच उंचीचे होतात. भिंतीजवळच्या रांगेपेक्षा मधली रांग अर्धा इंच व बाहेरची रांग एक इंच कमी कापावी. त्यायोगे आठ फुटांत एक इंच उतार मिळतो, डोळ्यास जाणवत नाही आणि पाण्यास पुरतो. खांबाचे बूड कापल्यावर ते टोक तेल पिईल तितके पाजावे. लाकडाच्या टोकाकडून पाणी जितक्या वेगाने आत शिरते, तितके ते फळीच्या पृष्ठातून शिरत नाही. कापलेल्या प्रत्येक टोकास हा नियम लागू आहे.

रांगेतील खांबांवर तीन इंच रुंद व पाच इंच उंच अशा दहा फुटी तीन तुळया टाकाव्यात. त्यांवर आडव्या, दोन इंच रुंद व चार इंच उंच, आठ फुटी नऊ कड्या पंधरा-पंधरा इंचांवर याव्यात. तुळया व कड्या उभ्या कडेवरच बसवाव्यात. आडव्या झोपविलेल्या कडीचे बळ निम्म्यावर येते. खांब, पट्टी व तुळई यांस अर्ध्या इंचाचे बोल्ट घालावे. तुळया व कड्यांच्या वरच्या अंगावर डांबरी कागदाची पट्टी, रुंदीने दोन्ही बाजूंस पाव इंच जास्त, अंथरावी. फळीच्या फटीतून येणारे पाणी कडीच्या डोक्यावर न बसता त्या पट्टीवरून ठिबकून जाते. हा कागद अत्यंत स्वस्त असतो, आणि पुष्कळ सुतार तो न घालण्याचा आग्रह का धरतात हे एक कोडेच आहे.

फळ्या चार इंच रुंद, एक इंच जाड व दहा फूट लांब. त्या भिंतीशी समांतर बसतात. दोन फळ्यांमध्ये पाव इंच फट ठेवल्यास आठ फुटांत २३ फळ्या बसतात व दोन्ही कडांस पाऊण-पाऊण इंच बाहेर येतात. फट सारखी राहावी म्हणून पाव इंच जाडीची कामटी मध्ये धरून फळी बसवावी. ओले, नुकतेच कापलेले लाकूड असेल तर फट मुळीच ठेवू नये. ते सुकताना आकसून आपोआप फट पाडते. खिळ्यांऐवजी स्क्रू वापरावेत, कारण ऊन-पावसात फळी हलते व खिळा वर येतो. प्रत्येक कडीवर प्रत्येक फळीस दोन स्क्रू लागतात. खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात साधे लोखंडी स्क्रू गंजतात आणि सागवानावर काळे डागही पडतात. स्टेनलेस पोलादाचे घ्यावेत.

मधल्या खांबाविषयीची दुसरी सूचना येथे येते. कोणत्याही कडेने मोजल्यास बारावी येणारी फळी ही ‘उचलफळी’ ठेवावी. तिला प्रत्येक कडीवर एकच स्क्रू, असे नऊ स्क्रू द्यावेत, व त्यांच्या आट्यांस ग्रीस लावावे. ही फळी मधल्या तुळईच्या बरोबर वर असते. वर्षातून तीनदा ती काढली की हात आणि दिवा खाली जातो, आणि मधला खांब डोळ्यांनी पाहता येतो. असे सर्व मिळून ४०५ स्क्रू आणि सुमारे पंधरा घनफूट लाकूड लागते; घट धरून साडेसोळा आणावे. पायऱ्या व कठडा यांचे लाकूड निराळे.

अडीच फूट उंचीस साडेसात-साडेसात इंचांचे चार चढ पुरतात. पायऱ्यांचे पाखे मातीवर टेकवू नयेत; त्यांसही तळखडा हवा. कठडा तीन फूट उंच करावा, त्याचे उभे खांब प्रत्येकी दोन बोल्टांनी पक्के करावेत, आणि गजांमध्ये चार इंचांहून अधिक अंतर ठेवू नये. त्याहून मोठ्या फटीत लहान मुलाचे डोके अडकू शकते.

तेल व औषधे

लाकूड बसल्यावर फाल्गुन-चैत्रातील कोरड्या दिवसांत तेल द्यावे. जवसाचे तेल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून दोन हात देणे हा सोपा मार्ग. पहिला हात मुरल्यावर दुसरा द्यावा, व न मुरलेले तेल फडक्याने पुसून काढावे. हे फडके गोळा करून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल वाळताना तापते आणि फडक्यांच्या बोळ्यास आपोआप आग लागते. ते पाण्यात बुडवून ठेवावे किंवा उन्हात एकेक पसरून वाळवावे. काजूच्या टरफलांचे तेल कोकणात होड्यांस व जाळ्यांस पूर्वीपासून लावतात. वाळवीवर ते गुणकारी आहे, पण अंगास लागल्यास फोड येतात. हातमोजे घालून ते खांब व तुळयांस लावावे, पाटास लावू नये.

मोटारीचे जळके तेल फुकट मिळते म्हणून लावण्याची चाल आहे. ज्या माचावर सुकट आणि पापड वाळावयाचे, त्यावर हे तेल लावणे म्हणजे अन्नात विष कालविण्यासारखे आहे. पावसाने ते विहिरीकडेही वाहते.

दाबयंत्रात औषध भरलेले लाकूड मिळाल्यास ते खांबांस उत्तम. तांबे, क्रोम व सोमल यांच्या क्षारांचे हे औषध १९३३ साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशम यांनी शोधले, आणि तेथून ते जगभर पसरले. मात्र त्यातील सोमलामुळे घरगुती वापरास ते अमेरिकेत २००३ च्या अखेरीस थांबविण्यात आले. असे लाकूड जमिनीलगतच्या सांगाड्यापुरतेच ठेवावे. पाट, कठडा व पायऱ्या यांस ते लावू नये. वाळवीसाठी जुन्या पुस्तिकांत आल्ड्रिनची शिफारस आढळेल. त्यावर आता बंदी आहे. वाळवी घरापर्यंत पोचली असल्यास परवानाधारक इसमाकडूनच जमिनीस औषध द्यावे.

वर्षाची निगा

तपासणीच्या तीन वेळा ठरवून घ्याव्यात : वैशाखात पावसापूर्वी, श्रावणात उघडीप मिळताच, आणि दिवाळीपूर्वी. प्रत्येक वेळी उचलफळी काढावी. फळ्यांच्या फटींत साचलेली माती व काड्या बोथट सुरीने काढाव्यात, कारण बुजलेली फट म्हणजे पाण्याचा बांधच. माचाखालचा पाला ओढून काढावा. खाली हात घालण्यापूर्वी काठी फिरवून पाहावी. थंड, अंधारी जागा घोणस व मण्यार यांसही आवडते. पावसाळ्यात उंदीर खाली राहू लागल्यास त्यांच्या मुतापासून लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, म्हणून धान्याची सांडलवंड तेथे राहू देऊ नये आणि पायास जखम असता अनवाणी उतरू नये. माचाखाली जळण रचणे, पोती ठेवणे हे तर कटाक्षाने टाळावे. हवा खेळली नाही की तळखड्याचा उपयोग संपला.

खांब, तुळयांची टोके व पायऱ्यांचे पाखे चाकूच्या अणीने टोचून पाहावेत. अणी सहज पाव इंच आत गेली तर तेथे कूज आहे. तळखड्यावर मातीची नळी दिसल्यास ती मोडावी आणि आठवड्याने पुन्हा पाहावे. ती परत बांधलेली आढळली तर वाळवी जिवंत आहे.

पावसाळ्यात फळ्यांवर शेवाळ धरते व वृद्ध माणसे घसरतात. साबणाचे पाणी टाकून काथ्याच्या ब्रशाने, फळीच्या रेषेने घासावे. तारेचा ब्रश लाकडात लोखंडाचे कण सोडतो व ते गंजतात. चटया, पोती, कुंड्या पावसाळ्यात माचावर ठेवू नयेत. कुंडी ठेवावयाचीच असेल तर तिच्याखाली विटांचे तीन तुकडे द्यावेत. तेलाचा हात दर वर्षी उन्हाळ्यात एक पुरे. फळीवर पाण्याचे थेंब टाकावेत. ते मोत्यासारखे उभे राहिले तर तेल शिल्लक आहे, लगेच मुरले तर ते संपले असे समजावे.

खांब कुजलेला आढळल्यास पुढच्या सणापर्यंत थांबू नये. दोन जॅक घेऊन, त्यांच्याखाली जाड फळ्या टाकून, खांबाच्या दोन्ही अंगांस तुळईखाली लावावेत व तुळई पाव इंच उचलावी. त्या वेळी माचावर कोणीही असता कामा नये, आणि उचलणाऱ्याने स्वतः तुळईखाली जाऊ नये. जुना खांब काढून त्याच मापाचा नवा, टोकांस तेल पाजलेला खांब पट्टीत बसवावा, बोल्ट आवळावे, मग जॅक सावकाश उतरवावे. मधला खांब बदलताना उचलफळीबरोबर तिच्या दोन्ही बाजूंच्या दोन-दोन फळ्याही काढाव्यात, म्हणजे वरूनच काम होते. काढलेला खांब साध्या लाकडाचा असेल तर चुलीस चालतो. सोमलयुक्त औषध भरलेले लाकूड मात्र जाळू नये; त्याचा धूर विषारी असतो, आणि त्याची राख परसातील वाफ्यात गेली तर पुढची भाजी खाण्यास योग्य राहत नाही.